दोन दिवसांत गेलेला 'रिलॅप्स': पॅरोक्सेटिन सोडतानाची एक केस

आधी एक सांगते, पेशंटची ओळख पटू नये म्हणून वय, काम, घरचे तपशील बदललेत आणि त्यांना विचारूनच लिहितेय. डोस आणि तारखांमधलं अंतर मात्र जसंच्या तसं ठेवलंय, कारण या केसचा सगळा जीव त्या अंतरातच आहे.

बाई ३८ वर्षांच्या, शाळेत गणित शिकवतात. पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा चार महिने झोप पहाटे तीनला उघडायची, कशातच मन लागत नव्हतं, 'मी सगळ्यांना ओझं झालेय' हे सारखं डोक्यात, आणि गर्दीत गेलं की छातीत धडधड, हातपाय गार, आत्ता मरणार असं वाटायचं. डिप्रेशन आणि पॅनिक दोन्ही. पॅरोक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी सुरू केली, १० वरून २० मिलिग्रॅम. पाचव्या आठवड्यात त्या म्हणाल्या की आज पहिल्यांदा वर्गात शिकवताना मजा आली. तीन महिन्यांत पूर्ण बऱ्या, पुढे वर्षभर स्थिर, मग दोन वर्षं, तीन वर्षं. गोळी चालूच. दर काही महिन्यांनी यायच्या, मी 'कसं आहे, छान आहे ना' विचारायचे, चिठ्ठी लिहून द्यायचे. असं कितीतरी जणांचं होतं, थांबवायचा विषय ना पेशंट काढतो ना डॉक्टर.

चौथ्या वर्षी त्यांनीच विषय काढला. वजन वाढलं होतं, लैंगिक इच्छा जवळपास बंद झाली होती, आणि 'आता मी बरी आहे तर गोळी कशासाठी' हा अगदी रास्त प्रश्न होता. मी तेव्हा जे सगळे करतात तेच केलं, २० वरून १० वर दोन आठवडे आणि मग बंद. बंद केल्याच्या तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, घाम, रात्री इतकी स्पष्ट आणि भयानक स्वप्नं की झोपायचीच भीती वाटायला लागली. वर्गात फळ्याकडून मुलांकडे मान वळवली की डोक्यात झिणझिणी. नवव्या दिवशी नवऱ्याबरोबर आल्या, खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागल्या, धड बोलताही येईना. मी पंधरा मिनिटांत फाईलवर लिहिलं 'रिलॅप्स, २० मिलिग्रॅम पुन्हा सुरू' (रिलॅप्स म्हणजे बरा झालेला आजार परत येणं). चक्कर आणि झिणझिणी त्यांनी सांगितली होती, मी ती लिहिलीसुद्धा होती, पण 'अँक्झायटी' या शब्दाच्या खाली. दोन दिवसांनी फोन आला की बरं वाटतंय, आणि मला वाटलं निदान बरोबर होतं.

दुसरा प्रयत्न दीड वर्षाने, तोही त्यांनी स्वतःच केला. कुणीतरी ओळखीच्यांनी सांगितलं की एक दिवसाआड घ्यायची, मग दोन दिवसांआड, आपोआप सुटते. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो (आमच्याच लोकांकडूनही) की त्याबद्दल इथेच लिहिते. पॅरोक्सेटिनचं अर्धायुष्य साधारण २१ तास, म्हणजे जवळपास दिवसभरात रक्तातली पातळी निम्मी होते. एक दिवस गोळी नाही म्हणजे पातळी खाली, दुसऱ्या दिवशी गोळी म्हणजे पुन्हा वर. हळूहळू कमी करायच्या नावाखाली दर ४८ तासांनी शरीराला छोटा विथड्रॉवल (औषध सुटल्याचा त्रास) देत राहायचं. तीन आठवडे त्यांनी सहन केलं. मग पुन्हा तेच रडणं, तीच चक्कर, शिवाय घरात आदळआपट, जी त्यांच्या स्वभावात अजिबात नाही. पुन्हा २० मिलिग्रॅम, पुन्हा दोन दिवसांत बऱ्या. यावेळी मी लिहिलं, 'वारंवार रिलॅप्स, औषध दीर्घकाळ चालू ठेवणे'. त्यांना समजावलं की शुगरवाल्याला गोळी लागते तशी तुम्हाला ही लागणार. त्या काही बोलल्या नाहीत. मान हलवून गेल्या.

सहा महिन्यांनी वही घेऊन आल्या. साधी चौकटीची वही, डावीकडे तारीख, मग गोळी किती, मग झोप, मग काय काय झालं ते दोन-तीन शब्दांत. जुन्या दोन्ही वेळचं मोबाइलमधल्या मेसेजवरून आणि शाळेतल्या रजेच्या अर्जांवरून तारखा जुळवून पुन्हा मांडलेलं. आणि त्यांनी विचारलं, "डॉक्टर, माझा आजार परत आला म्हणता, मग तो गोळी घेतल्यावर दोन दिवसांत कसा जातो? पहिल्यांदा तर पाच आठवडे लागले होते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर उत्तर होतं, पण ते माझ्याच दोन नोंदी खोडणारं होतं.

वही घेऊन आम्ही दोघी तासभर बसलो. मूळ आजाराच्या वेळी काय होतं, बंद केल्यावर काय झालं, हे वेगवेगळं मांडलं. पहिल्या आजारात चक्कर नव्हती, मळमळ नव्हती, डोक्यातली झिणझिणी तर नव्हतीच. बंद केल्यावर या तिन्ही नव्याने आल्या. मूळ आजारात पहाटे जाग यायची आणि कशातच रस नसायचा, तो हळूहळू, आठवड्या-आठवड्याने वाढत गेला होता. बंद केल्यावर रस गेलेला नव्हता, शाळेत जायची इच्छा होती, जाता येत नव्हतं. रडणं होतं, पण त्यांचाच शब्द सांगते, "ते दुःखाचं रडणं नव्हतं, नळ उघडा राहिल्यासारखं होतं." धडधड दोन्हीकडे होती, आणि नुसत्या धडधडीवरून काही ठरवता आलं नसतं हे मी आजही म्हणेन.

झिणझिणीबद्दल मी नीट विचारलं, जे पहिल्या वेळीच विचारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, डोळे एका बाजूने दुसऱ्या बाजूला झटकन फिरवले की डोक्यात कुणीतरी लाइटचं बटण पटकन चालू-बंद केल्यासारखं होतं, अर्धा सेकंद, मग काही नाही, आणि दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. आमच्याकडे याला ब्रेन झॅप म्हणतात. हे एसएसआरआय किंवा एसएनआरआय गटातलं डिप्रेशनचं औषध (पॅरोक्सेटिन एसएसआरआय आहे) कमी करताना दिसतं, डिप्रेशनच्या लक्षणांत ते बसत नाही, आणि डोळे बाजूला फिरवल्यावर येणं ही खूण तर बऱ्याच पेशंटनी सांगितलेली आहे. ते नेमकं का होतं हे अजून कुणाला पक्कं उलगडलेलं नाही, पण निदानासाठी इतकं बोलकं लक्षण मानसोपचारात क्वचितच हाताला लागतं.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, बीपी, प्रेग्नन्सी टेस्ट, कानाची तपासणी सगळं करून घेतलं. नॉर्मल.

आता शास्त्राकडे येते, कारण मी तेव्हा तेच केलं, त्यांचा प्रश्न घेऊन रिसर्च पेपर वाचत बसले. आणि जे दिसलं त्याने मला बरंही वाटलं नाही आणि धीरही आला नाही. १९९८ मध्ये रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी एक साधा, हुशार प्रयोग केला होता. तीन एसएसआरआय औषधांपैकी एकावर बऱ्या असलेल्या लोकांना पाच ते आठ दिवस गुपचूप प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) दिला, पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. फ्लुऑक्सेटिनवाल्यांना फारसं काही झालं नाही, सर्ट्रालिनवाल्यांना त्रास झाला, पॅरोक्सेटिनवाल्यांना सगळ्यात जास्त. आणि पॅरोक्सेटिन-सर्ट्रालिन गटांत उदासीचे स्कोअरसुद्धा वाढले. आठवडाभरात! म्हणजे मूड खाली जाणं हेही विथड्रॉवलचंच लक्षण असू शकतं, आणि स्केल भरून घेणाऱ्याला ते हुबेहूब रिलॅप्स दिसतं. हा पेपर माझ्या शिक्षणाच्या काळात उपलब्ध होता, मी तो परीक्षेसाठी वाचलाही असेन, पण समोर रडणारी बाई बसली होती तेव्हा तो आठवला नाही.

किती जणांना होतं यावर मात्र लोक अक्षरशः भांडतायत. २०१९ मध्ये डेव्हिस आणि रीड यांनी आकडा दिला ५६ टक्के, त्यात ऑनलाइन सर्व्हेही धरले होते आणि त्यावर बरीच टीका झाली, कारण ज्यांना त्रास होतो तेच असले सर्व्हे भरतात. २०२४ मध्ये हेन्सलर आणि सहकाऱ्यांनी ७९ अभ्यास एकत्र केले, औषध बंद केलेल्यांत ३१ टक्के, प्लासिबो बंद केलेल्यांत १७ टक्के, म्हणजे खरोखर औषधामुळे झालेला त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास ३ टक्क्यांच्या आसपास. २०२५ मध्ये आणखी एक मोठं विश्लेषण आलं, त्यात बंद केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत सरासरी एखादंच लक्षण जास्त दिसलं आणि उदासी वाढल्याचं दिसलं नाही, म्हणून उदासी आली तर ती रिलॅप्स समजा असा त्याचा सूर आहे. यावर माझी अडचण सरळ आहे. या विश्लेषणांत घेतलेल्या बऱ्याच अभ्यासांत लोकांनी औषध काही आठवडे किंवा काही महिने घेतलेलं असतं. माझ्या समोर बसलेल्या बाईंनी साडेपाच वर्षं घेतलं होतं. आठ-बारा आठवडे औषध घेतलेल्यांची सरासरी काढून वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना ती लावायची हे मला पटत नाही, आणि ५६ टक्के सांगून लोकांना घाबरवणंही पटत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, ती लपवून चालणार नाही. २०२१ चा ब्रिटनमधला अँटलर ट्रायल घ्या, ४७८ लोक, सगळे बरे वाटणारे, औषध सोडायला तयार असलेले. वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना रिलॅप्स, बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. म्हणजे औषध वाचवतं, यात शंका नाही. पण त्यातच हेही दिसतं की बंद केलेल्यांतले ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले, आणि चालू ठेवूनही कितीतरी जणांना आजार आलाच. शिवाय त्यात औषध साधारण दोन महिन्यांत थांबवलं होतं, मग त्या ५६ मधले काही जण माझ्या बाईंसारखे विथड्रॉवलवाले असतील का? त्याच वर्षीच्या कॉक्रेन (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढाव्याने नेमकं हेच बोट ठेवलं, की बंद करण्याच्या अभ्यासांत विथड्रॉवल आणि रिलॅप्स वेगळे केलेलेच नाहीत आणि बहुतेक ठिकाणी औषध चार आठवडे किंवा त्याहून कमी वेळात थांबवलंय, त्यामुळे ठाम काही सांगता येत नाही. इतकी वर्षं, इतके पेशंट, आणि थांबवायचं कसं यावर पक्का पुरावा नाही, याचा मला खरंच राग येतो. सुरू कसं करायचं यावर किती ट्रायल आहेत बघा.

२० वरून १० आणि मग शून्य यात चूक काय, हे मला २०१९ मधल्या होरोविट्झ आणि टेलर यांच्या पेपरमधून कळलं. मेंदूतल्या सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरपैकी (ही औषधं ज्यांना अडवतात ती प्रथिनं) किती टक्के औषधाने अडवलेत हे पेट स्कॅन या प्रकारच्या स्कॅनवर मोजता येतं. सिटालोप्रॅम या त्याच गटातल्या औषधाचे आकडे देते. २० मिलिग्रॅमला साधारण ८० टक्के अडवलेले. ७० टक्क्यांवर यायला ९ मिलिग्रॅमपर्यंत यावं लागतं, म्हणजे अर्ध्याहून जास्त औषध काढलं तरी मेंदूला फक्त दहा टक्क्यांचा फरक. ५० टक्क्यांना ३.४ मिलिग्रॅम पुरतं. आणि २० टक्क्यांना ०.८, हो, शून्य पॉइंट आठ मिलिग्रॅम. म्हणजे शेवटचा ०.८ चा कण काढताना मेंदूला जो धक्का बसतो तो २० वरून ९ वर येतानाच्या दुप्पट. आपण मात्र सगळ्यात छोट्या गोळीच्या अर्ध्यावर आलो की 'आता काय राहिलंय, द्या सोडून' म्हणतो. पॅरोक्सेटिनमध्ये वर आणखी दोन गोष्टी आहेत. ते स्वतःचंच विघटन करणारं एन्झाइम अडवतं, त्यामुळे डोस कमी केला की रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने पडते, आणि त्याचा अँटिकोलिनर्जिक (अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाचं काम दाबणारा) परिणाम असतो, तो गेला की मळमळ, घाम उसळून येतात. फ्लुऑक्सेटिन आणि त्याचा मेटाबोलाइट (शरीरात त्यापासून बनणारा पदार्थ) शरीरात दिवसच्या दिवस रेंगाळतात, म्हणून ते बऱ्याच अंशी आपलं आपणच हळूहळू कमी होतं.

नाइसने (ब्रिटनमधली उपचारांच्या गाइडलाइन काढणारी संस्था) २००४ मध्ये लिहिलं होतं की हा त्रास सहसा सौम्य असतो आणि आठवड्याभरात जातो. २०१९ मध्ये त्यांनी ते बदललं, आणि २०२२ च्या गाइडलाइनमध्ये आधीच्या डोसच्या प्रमाणात कमी करत जा, खाली आल्यावर पायऱ्या आणखी छोट्या करा, गोळीने जमत नसेल तर लिक्विड वापरा असं आहे. तेवढ्या आधारावर आम्ही प्लॅन केला.

लिक्विड पॅरोक्सेटिन, दर मिलीला २ मिलिग्रॅम. बिनसुईची १ मिलीची सिरिंज. पहिल्या दिवशी मी त्यांना माझ्यासमोर मोजायला लावलं, बुडबुडा गेला नाही तर डोस चुकतो, आणि अर्धा मिलिग्रॅम म्हणजे पाव मिली, तिथे बुडबुडा फार मोठा असतो. गणिताच्या बाई असल्यामुळे तक्ता त्यांनीच केला. २०, १५, १२, १०, ८, ६, ५, ४, ३, मग अर्ध्या-अर्ध्याने. प्रत्येक पायरी किमान चार आठवडे. नियम एकच ठरवला, पुढची पायरी तारीख आली म्हणून नाही तर मागचे दहा दिवस शांत गेले म्हणून घ्यायची. आणि शाळेच्या परीक्षांच्या काळात काहीच हलवायचं नाही.

१० पर्यंत काही जाणवलंच नाही. ८ वर झिणझिणी दोन-तीन दिवस. मग वहीत एक आकार दिसायला लागला, पायरी उतरली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्रास सुरू, आठवड्याच्या शेवटी सगळ्यात जास्त, आणि दोन आठवड्यांत ओसरतो. दर वेळी तेच. हे दिसल्यावर त्यांची भीतीच अर्धी झाली, कारण वाईट दिवस आला की त्या मागची पानं उलटून बघायच्या. ४ वरून ३ वर मात्र जोरात आपटलो. २५ टक्क्यांची उडी होती, तक्ता करताना दोघींच्याही लक्षात आलं नाही. चार रात्री झोप नाही, नवऱ्यावर ताट आपटलं, मला रात्री मेसेज की परत २० सुरू करू का. मी ३.५ वर नेलं, आठवड्याभरात बसलं, तिथे आठ आठवडे थांबलो. दर फोनला मरणाचे विचार येतात का हे सरळ शब्दांत विचारत होते, कारण या अवस्थेत येऊ शकतात आणि पेशंट आपणहून सांगत नाही. तेव्हा नव्हते.

१९ महिने लागले. शेवटचा अर्धा मिलिग्रॅम बंद केल्यावर दहा दिवस किंचित चक्कर, मग काही नाही. (ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी हे वाचून आज रात्रीपासून प्रयोग करू नका, आणि सीआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी तर तोडायची किंवा कुटायची नसते. प्रत्येकाला १९ महिनेही लागत नाहीत, पुष्कळ लोक दोन-तीन महिन्यांत नीट सुटतात.)

केस इथे संपली असती तर मी कदाचित लिहिलीही नसती. शून्यावर आल्यानंतर चौथ्या महिन्यात त्यांचा फोन आला आणि पहिलंच वाक्य, "डॉक्टर, हे ते नाही. हे दुसरं आहे." वही आणली. झिणझिणी नाही, चक्कर नाही, मळमळ नाही. पाच आठवड्यांपासून पहाटे तीनला जाग, जी आधी आठवड्यातून एकदा होती ती आता रोज. शिकवण्यात रस नाही. 'ओझं' हा शब्द पुन्हा वहीत, नऊ वेळा. पीएचक्यू-९ (डिप्रेशन मोजायची प्रश्नावली) वर १७. आणि यावेळी, विचारल्यावर, हो, मधूनमधून वाटतं की झोपेतून उठूच नये. प्लॅन नाही, पण वाटतं.

हा रिलॅप्स होता. औषध थांबल्यावर नुसता बसलेला झटका नव्हे, मूळ आजार त्याच्याच चालीने, त्याच्याच वेळाने परत आलेला. एकाच माणसात दोन्ही गोष्टी इतक्या स्वच्छ वेगळ्या मी आधी पाहिल्या नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन वेळा आम्ही चुकीचं नाव दिलं नसतं तर त्या यावेळी घाबरून आणखी दोन महिने घरीच थांबल्या असत्या की लगेच आल्या असत्या, हे मला सांगता येत नाही. एवढं मात्र दिसलं की आलेलं काय आहे हे माझ्या आधी त्यांना ओळखता आलं.

पर्याय समोर ठेवले. सौम्य असतं तर नुसती सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची थेरपी) करून बघा म्हटलं असतं, पण १७ स्कोअर आणि ते विचार, त्यामुळे औषध आणि थेरपी दोन्ही असं माझं मत दिलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "सोडायला सगळ्यात सोपी कुठली?" पहिल्यांदा गोळी सुरू करताना हा प्रश्न ना त्यांना सुचला होता ना मला. फ्लुऑक्सेटिन १० ने सुरू करून २० वर नेलं, पॅनिकचा इतिहास होता म्हणून सुरुवात कमीने. दर आठवड्याला थेरपी. पहिल्या पंधरा दिवसांत जवळच्या बहिणीकडे राहायला गेल्या, घरातल्या गोळ्या बहिणीच्या ताब्यात. किती काळ चालू ठेवायचं आणि उतरायचं कसं, दोन्ही त्याच दिवशी फाईलवर लिहिलं.

पहिल्या आठवड्यात काही फरक नाही, थोडी बेचैनी जास्तच. दुसऱ्यात झोप किंचित. चौथ्यात ते विचार गेले. त्यानंतरच्या भेटीत त्यांनी वही उघडून टेबलावर माझ्याकडे फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'आज नववीला प्रमेय शिकवलं, मजा आली.' शेजारी गोळी सुरू केल्यापासूनचे दिवस मोजून लिहिले होते, ३६.